सत्तावीस वर्षांची आमदार

आमदार हा शब्द आपण रोज ऐकतो. पारावर ऐकतो, एसटीत ऐकतो, बाजारात ऐकतो. रस्ता खचला की लोक म्हणतात, "आमदाराला सांगा." मते मागायला गाड्या आल्या की पोरे ओरडतात, "आमदार आला, आमदार आला!" आमदार म्हटले की डोळ्यांपुढे एक बाप्या माणूसच उभा राहतो. पांढरे कपडे, मोठी गाडी, मागेपुढे माणसे. बाईमाणूस सहसा डोळ्यांपुढे येत नाही.

पण १९६२ साली जळगावच्या लोकांनी एका तरुण मुलीला आमदार केले. तिचे वय होते २७ वर्षे. लग्न व्हायचे होते. तिचे नाव प्रतिभा नारायणराव पाटील. पुढे हीच मुलगी भारताची पहिली महिला राष्ट्रपती झाली.

तिची गोष्ट आपण वाचू. वाचता वाचता आणखी एक गोष्ट समजून घेऊ. आमदार काम काय करतो? कुंभार पिंपळगावातही आपण मत देतो. ज्याला मत दिले त्याचे काम काय, हेच ठाऊक नसेल, तर त्याने ते केले की नाही हे कसे कळणार? गडी लावला आणि काम सांगितलेच नाही, तर संध्याकाळी त्याला काय विचारणार?

नाडगावची मुलगी

आपल्या जालना जिल्ह्याच्या उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर आहेत. डोंगर उतरून पलीकडे गेले की जळगाव जिल्हा लागतो. त्या मुलखाला खानदेश म्हणतात. तिथे कापूस होतो, केळी होतात. तिथल्या नाडगाव या गावी १९ डिसेंबर १९३४ रोजी प्रतिभाताईंचा जन्म झाला.

त्या काळी मुलीला शाळेत कोण घालत होते? १९५१ साली देशाची शिरगणती झाली. दर १०० बायकांपैकी जेमतेम ९ जणींना लिहिता वाचता येत होते. बाकीच्या ९१ जणी अंगठा उठवीत होत्या. प्रतिभाताई त्या नऊ जणींपैकी होत्या. त्या जळगावच्या शाळेत शिकल्या. मग जळगावच्याच मुळजी जेठा कॉलेजात गेल्या. राज्य कसे चालते आणि पैशाचा व्यवहार कसा चालतो, या दोन विषयांत त्यांनी एम. ए. केले. पुढे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजातून वकिलीची परीक्षा दिली. खेळातही त्या मागे नव्हत्या. टेबल टेनिस हा चेंडूफळीचा खेळ त्या खेळत आणि कॉलेजांच्या सामन्यांत जिंकत.

शिकून झाल्यावर त्यांनी जळगावच्या कोर्टात वकिली सुरू केली. बायकांच्या अडीअडचणींत त्या लक्ष घालू लागल्या.

इथे जळगावच्याच दुसऱ्या एका बाईंची आठवण होते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचीत. काय ती गाणी! शहाणी माणसेही ऐकून थक्क होतात. पण बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. घरातल्या माणसांनी त्यांची गाणी ऐकून लिहून ठेवली, म्हणून ती राहिली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या. दुसऱ्या वर्षी गाण्यांचे पुस्तक निघाले. घरात लिहिणारे कोणी नसते, तर ते सगळे धन त्यांच्याबरोबरच गेले असते.

म्हणजे पाहा. शहाणपण बाईकडे आधीही होते. अक्षर नव्हते. अक्षर नसले की आपले बोलणे दुसऱ्याच्या हातून मांडावे लागते. बहिणाबाईंना लिहिणारे हात चांगले मिळाले. सगळ्यांनाच तसे मिळत नाहीत. बहिणाबाई गेल्या, त्याला अकरा वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि त्याच मुलखातली एक मुलगी स्वतःचा कागद स्वतः वाचीत सभागृहात जाऊन बसली.

१९६२ सालची निवडणूक

तेव्हा महाराष्ट्र राज्य अवघे दोन वर्षांचे होते. १ मे १९६० रोजी ते झाले होते. राज्य झाल्यावरची ही पहिलीच निवडणूक. विधानसभेत २६४ जागा होत्या. आज त्या २८८ आहेत.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. तिथे सगळ्या रयतेला मत नव्हते. स्वातंत्र्यानंतर देशाची घटना झाली आणि सगळ्यांना मत मिळाले. श्रीमंताला एक, गरिबाला एक. पुरुषाला एक, बाईला एक. युरोपात स्वित्झर्लंड नावाचा मोठा सुधारलेला देश आहे. तिथे देशाच्या निवडणुकीत बायकांना मत मिळायला १९७१ साल उजाडले. आपल्याकडे पहिल्याच निवडणुकीत मिळाले. बायांनो, हे मत आपल्याला फुकट वाटते, पण ते फार मोलाचे आहे.

विधानसभेला उभे राहायचे तर वय २५ वर्षे पुरे लागते. मतदारांच्या यादीत नाव लागते. शिक्षणाची अट नाही. न शिकलेला माणूसही आमदार होऊ शकतो. प्रतिभाताई काँग्रेस पक्षाकडून जळगावातून उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

त्याच वर्षी चीनने आपल्या देशाच्या सीमेवर चढाई केली. सगळा देश हादरला. जळगाव जिल्ह्यात प्रतिभाताईंनी बायकांचे होमगार्ड पथक उभे केले आणि त्या स्वतः त्याच्या प्रमुख झाल्या.

१९६५ साली देवीसिंह शेखावत यांच्याशी त्यांचे लग्न झाले. सासर अमरावतीचे. पुढे मूलबाळ झाले. पण सभागृहातले काम सुटले नाही. १९६७ सालापासून त्या एदलाबाद मतदारसंघातून उभ्या राहू लागल्या. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. ज्ञानेश्वर माउलींची धाकटी बहीण मुक्ताबाई, तिच्या नावाचे गाव. तिथून त्या ओळीने चार वेळा निवडून आल्या. म्हणजे जळगाव धरून पाच वेळा. १९६२ पासून १९८५ पर्यंत, तेवीस वर्षे!

सभागृहात काय चालते?

आता कोणी मावशी विचारील, "ते समदं खरं. पण तिथं जाऊन करतात काय?"

चांगला प्रश्न आहे. सांगतो.

आमदार जिथे बसतात त्या सभेला विधानसभा म्हणतात. तिचे अधिवेशन मुंबईला भरते. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, नागपूरला भरते. प्रतिभाताई पहिल्यांदा गेल्या तेव्हा मुंबईचे सभागृह कुलाब्याकडे एका जुन्या इमारतीत होते. नरिमन पॉइंटला आजचे विधान भवन झाले ते १९८१ साली.

आमदाराची मुख्य कामे चार.

पहिले काम कायदा करण्याचे. सरकार कायद्याचा मसुदा आणते. त्याला विधेयक म्हणतात. आमदाराने तो मसुदा वाचायचा. त्यात काय चुकले, काय राहिले, ते सांगायचे. कलम बदला म्हणून सूचना द्यायची. मग मत घेतले जाते. विधानसभेसारखेच विधान परिषद नावाचे दुसरे सभागृह आहे. दोन्हीकडे विधेयक मंजूर झाले आणि राज्यपालांची सही झाली की कायदा होतो.

दुसरे काम पैशावर नजर ठेवण्याचे. सरकारचा पैसा म्हणजे आपलाच पैसा. आपण काडेपेटी घेतली तरी त्यात कर असतो. वर्षभर तो पैसा कुठे खर्च करायचा, त्याचा आराखडा सरकार सभागृहापुढे ठेवते. त्याला अर्थसंकल्प म्हणतात. सभागृहाने होय म्हटल्याशिवाय सरकारला पैसा खर्च करता येत नाही.

तिसरे काम प्रश्न विचारण्याचे. समजा, एखाद्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर नाही. आमदार लेखी प्रश्न पाठवतो. प्रश्नावर चांदणीची खूण केली, तर त्याला तारांकित प्रश्न म्हणतात. त्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते. उत्तर पटले नाही तर तिथेच उलट विचारता येते. एवढा मोठा मंत्री, पण त्याला उत्तर द्यावेच लागते.

चौथे काम लोकांची गाऱ्हाणी ऐकून वर पोचवण्याचे. हे काम आपल्याला दिसते. कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा रस्ता, कोणाची डीपी जळालेली. म्हणून आपल्याला वाटते, आमदाराचे काम एवढेच. लग्नाला यायचे, मयतीला यायचे, आणि रस्त्याला नारळ फोडायचा. पण पहिली तीन कामे त्याहून मोठी आहेत, आणि ती तिन्ही कामे कागदावरची आहेत.

आमदार व्हायला शिक्षणाची अट नाही, हे आपण वाचले. ते योग्यच आहे. लोकांनी कोणाला निवडावे याला कुंपण नको. पण निवडून आल्यावर ढीगभर कागद पुढे येतो. जो वाचीत नाही तो शेजारच्याने हात वर केला की आपलाही हात वर करतो. प्रतिभाताई वकील होत्या. कायद्याचा कागद त्यांना नवा नव्हता. कोवळ्या वयात मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या सभेत बसायला गेल्या, तेव्हा ही शिदोरी त्यांच्याजवळ होती.

कागदावरचे कलम आणि घरातली चूल

कायदा म्हणजे कोरडा कागद, असे वाटते खरे. पण तसे नाही. १९७२ चा दुष्काळ गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. विहिरी आटल्या. जनावरे खाटकाला गेली. माणसे खडी फोडायला गेली. बाया तान्ही मुले झाडाखाली झोळीत टाकून मातीची टोपली वाहत होत्या.

त्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणात निघाली. काम मिळाले, पण ते सरकारच्या मर्जीवर होते. काम दिले तर दिले. मग १९७७ साली विधिमंडळाने त्याचा कायदा मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्याने काय फरक पडला? आधी काम मागणे म्हणजे विनवणी होती. कायदा झाल्यावर तो हक्क झाला. खेड्यातल्या धडधाकट माणसाने काम मागितले तर सरकारने ते दिलेच पाहिजे, असे ठरले. पुढे २००५ साली दिल्लीच्या संसदेने सगळ्या देशासाठी तसा कायदा केला.

दुष्काळाच्या त्या वर्षांत प्रतिभाताई राज्याच्या मंत्रिमंडळात होत्या. त्यांच्याकडे समाजकल्याण खाते होते. हा कायदा एका माणसाचा नव्हे, पुष्कळ जणांच्या खटपटीचा. पण तो झाला सभागृहातच. तिथे हात वर झाले, म्हणून इथे चुली पेटल्या. सभागृहात कोण बसते याला किंमत आहे ती यासाठी.

कधी मंत्री, कधी विरोधी

१९६७ साली प्रतिभाताई उपमंत्री झाल्या. मग १९७२ साली मंत्री. सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, घरबांधणी, समाजकल्याण, शिक्षण अशी वेगवेगळी खाती त्यांनी सांभाळली.

मग एक पालट आला. १९७८ साली शरद पवार मुख्यमंत्री झाले. प्रतिभाताईंचा गट सत्तेबाहेर गेला. १९७९ च्या जुलैपासून १९८० च्या फेब्रुवारीपर्यंत त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या.

विरोधी पक्षनेता म्हणजे काय? पुष्कळांना वाटते, विरोधी म्हणजे भांडखोर. तसे नाही. शेतात राखण नसली की काय होते? पाखरे कणसे खातात. सरकार पैसा खर्च करते, हुकूम काढते. त्याच्यावर राखण हवी. ती राखण विरोधी पक्ष करतो. मंत्र्याने उत्तर द्यायचे, विरोधकाने प्रश्न विचारायचा. प्रतिभाताईंनी दोन्ही बाकांवर बसून काम केले. खुर्ची गेली म्हणून त्या घरी बसल्या नाहीत.

१९८५ साली त्या राज्यसभेवर गेल्या. १९८६ ते १९८८ या काळात त्या राज्यसभेच्या उपसभापती होत्या. उपसभापतीने सभा चालवायची. कोण बोलणार, किती वेळ बोलणार, हे त्याने ठरवायचे. आपल्याकडे भावकीची बैठक चालवतानासुद्धा घाम फुटतो. तिथे तर सगळ्या देशाचे पुढारी. १९९१ साली अमरावतीच्या लोकांनी त्यांना लोकसभेत पाठवले. लढवलेली एकही निवडणूक त्या हरल्या नाहीत.

२००४ साली त्या राजस्थानच्या राज्यपाल झाल्या. राजस्थानला त्याआधी बाई राज्यपाल झाली नव्हती.

पती कोणाचा?

२००७ साली राष्ट्रपतीची निवडणूक झाली. राष्ट्रपती निवडायला आपण थेट मत देत नाही. देशातले आमदार आणि खासदार मत देतात. भैरोसिंह शेखावत यांच्याविरुद्ध प्रतिभाताई निवडून आल्या. २५ जुलै २००७ रोजी त्यांनी शपथ घेतली. पाच वर्षे, २०१२ पर्यंत त्या राष्ट्रपती होत्या. भूदल, नौदल, हवाई दल या तिन्ही दलांचा राष्ट्रपती प्रमुख असतो. २००९ साली पुण्याला त्या सुखोई नावाच्या लढाऊ विमानात बसून आभाळात जाऊन आल्या. तेव्हा त्यांचे वय ७४ होते!

त्या वेळी एक गंमत झाली. लोक म्हणू लागले, "बाई राष्ट्रपती झाली, तर तिला म्हणायचे काय? राष्ट्रपती कसे म्हणायचे? पती म्हणजे नवरा." पुष्कळ चर्चा झाली. शेवटी शब्द तोच राहिला. कारण पती या शब्दाचा जुना अर्थ धनी, सांभाळ करणारा असा आहे. सेनापती, सभापती हे शब्द तसेच झाले. जी देश सांभाळते ती राष्ट्रपती.

२०२२ साली द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. त्या ओडिशातल्या संताळ या आदिवासी समाजातल्या. त्यांची सुरुवात कुठून झाली? १९९७ साली त्या रायरंगपूर या लहानशा गावाच्या नगरपंचायतीत निवडून आल्या. नगरसेविका, मग आमदार, मग मंत्री, मग राज्यपाल, मग राष्ट्रपती. जिना असा एकेक पायरीने चढायचा असतो.

प्रतिभाताईंच्या मुक्ताईनगर तालुक्यातही तसे दुसरे उदाहरण आहे. रक्षा खडसे २०१० साली कोथळी गावच्या सरपंच झाल्या. पुढे जिल्हा परिषदेत गेल्या. २०१४ साली भारतीय जनता पक्षाकडून रावेरच्या खासदार झाल्या. तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती. २०२४ साली त्या केंद्रात राज्यमंत्री झाल्या. त्यांचा पक्ष वेगळा, प्रतिभाताईंचा वेगळा. आपल्याला पक्षाशी काम नाही. पायऱ्या तेवढ्या पाहायच्या.

आपण निवडले, म्हणून आपण विचारायचे

प्रतिभाताईंनी नोकरी करणाऱ्या बायकांसाठी मुंबईत आणि दिल्लीत वसतिगृहे काढायला हातभार लावला. जळगावला आंधळ्यांना धंदेशिक्षण देणारी शाळा काढली. ही चांगली कामे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७३ साली जळगावात त्यांच्या पुढाकाराने बायकांची सहकारी बँक निघाली. ती पुढे अडचणीत आली. कर्जवाटपाबद्दल तक्रारी झाल्या. २००३ साली रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत विरोधकांनी यावरून टीका केली.

हे का सांगायचे? मोठ्या माणसाला हार घालणे सोपे असते. पण लोकशाहीत हाराबरोबर प्रश्नही असतो. बाई असो की बाप्या, आपल्या पक्षाचा असो की दुसऱ्याच्या, निवडून गेलेल्या माणसाला विचारले पाहिजे. विचारणे म्हणजे अपमान नव्हे. हिशोब मागितल्याने नाते तुटत नाही. हिशोब दडवल्याने तुटते.

दूरदेशीच्या लेकी

हे फक्त आपल्याच देशात चालले आहे असे नाही. समुद्रापलीकडे आफ्रिका खंड आहे. तिथे पुष्कळ देश आहेत. त्यांनाही आपल्यासारखेच परक्यांचे राज्य सोसावे लागले. तिथेही तरुण मुली सभागृहात बसू लागल्या आहेत.

युगांडा देशात प्रोस्कोव्हिया ओरोमाइट नावाची मुलगी २०१२ साली खासदार झाली. वय १९ वर्षे! तिचे वडील खासदार होते. ते वारले, म्हणून पोटनिवडणूक झाली आणि लोकांनी लेकीला निवडले. नामिबिया देशात एम्मा थिओफेलस ही मुलगी २०२० साली खासदार झाली आणि लगेच उपमंत्रीही झाली. तिचे वय होते २३ वर्षे. रवांडा हा लहानसा देश. १९९४ साली तिथे भयंकर कत्तल झाली. लाखो माणसे मेली. पुढे त्या लोकांनी घटना नवी केली आणि सभागृहात बायकांना जागा राखून ठेवल्या. २००८ सालापासून तिथल्या लोकसभेत निम्म्याहून जास्त बायका आहेत. जगात असे तिथेच पहिल्यांदा झाले.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार. २०२४ च्या निवडणुकीत त्यांत बायका निवडून आल्या विसाच्या आसपास. २०२३ साली संसदेने कायदा केला, की लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखायच्या. नवी शिरगणती आणि मतदारसंघांची नवी आखणी झाल्यावर तो लागू करायचा, असे त्यात लिहिले आहे. तो लागू झाला म्हणजे तीनांत एक आमदार बाई असेल. त्या बाया आभाळातून पडणार आहेत का? त्या आपल्यातूनच जाणार.

आपल्या गावची पायरी

कुंभार पिंपळगाव घनसावंगी विधानसभा मतदारसंघात येते. आमदारासाठी आपण तिथले मत देतो. खासदाराची गोष्ट थोडी निराळी आहे. जिल्हा आपला जालना, पण घनसावंगी जोडली आहे परभणी लोकसभेला. म्हणून आपला खासदार परभणीचा. पुष्कळांना हे ठाऊक नसते. गाऱ्हाणे घेऊन जायचे कोणाकडे, हे आधी कळले पाहिजे.

पण सगळ्यांत जवळची पायरी म्हणजे ग्रामपंचायत. १९९३ साली घटना दुरुस्त झाली आणि पंचायतीत बायकांना तिसरा हिस्सा मिळाला. महाराष्ट्रात २०११ साली तो निम्मा झाला. म्हणजे पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. कायद्याने खुर्ची दिली. आता खरे सांगा, त्या खुर्चीवर बसते कोण?

पुष्कळ गावांत एक नवाच शब्द निघाला आहे. सरपंचपती! बाई सरपंच, आणि कारभार पाहतो नवरा. ग्रामसेवक प्रोसिडिंगची वही घरी पाठवतो. बाई चुलीपुढे बसलेली. नवरा म्हणतो, "इथं सही कर." बाई भाकरीचा हात पुसते आणि सही करते. कशावर केली? तिला ठाऊक नाही. उद्या पैशाची अफरातफर निघाली तर चौकशी कोणाची होणार? नवऱ्याची सही वहीत कुठेच नाही. चौकशी बाईचीच होणार.

राष्ट्रपती हा शब्द चांगला आहे. सरपंचपती हा शब्द मात्र आपल्या गावातून गेला पाहिजे.

तो कसा जाईल? बापेमाणसांनीही हे ऐकावे. बायकोला वाटेल ते विचारू द्या. ती वही वाचीत असेल तर पाच मिनिटे भाकरीला उशीर झाला तरी चालेल. आणि बायांनो, तुम्ही तीन गोष्टी धरा.

एक. वाचल्याशिवाय सही करू नका. अक्षर लावून लावून वाचा. वेळ लागला तर लागू द्या. कळले नाही तर विचारा, "हे कलम काय हाय? एवढे पैसे कशाचे?"

दोन. ग्रामसभेला जा. वर्षातून निदान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते. तीत बायकांनी केलेले ठराव मोठ्या ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात. नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागते. आता तुम्हाला वाचता येते. येता जाता फळ्याकडे नजर टाका.

तीन. बोलायला उभ्या राहा. पहिल्या वेळी पाय कापतील. आवाज फुटणार नाही. म्हणून घरून कागदावर दोन ओळी लिहून न्या. "आमच्या गल्लीचा हातपंप बंद आहे. तो कधी दुरुस्त होणार?" एवढे वाचून दाखवले तरी पुष्कळ झाले. मुंबईच्या सभागृहात आमदार तारांकित प्रश्न विचारतो. हा तुमच्या गावचा तारांकित प्रश्न.

आपल्या गावाच्या नावातच कुंभार आहे. मडके कसे होते हे आपल्याला कोणी सांगायला नको. माती तुडवावी लागते, चाकावर धरावी लागते, मग आव्यात भाजावी लागते. कच्च्या मडक्यात पाणी राहत नाही. माणूसही असाच घडतो. प्रतिभाताई सत्ताविसाव्या वर्षी आमदार झाल्या. त्याच्या आधी शाळा होती, कॉलेज होते, कोर्ट होते. तुमचे वय चाळीस असेल, पन्नास असेल. शाळा तेव्हा हुकली. पण हे पुस्तक आज तुमच्या हातात आहे. एवढे पान तुम्ही स्वतः वाचले. मग पंचायतीची वही वाचणे काय अवघड आहे?

विचार करा आणि सांगा

१. आमदाराची चार कामे कोणती? आपल्या आमदाराचे त्यांतले कोणते काम तुम्हाला दिसते?

२. आपल्या वॉर्डाची पंचायत सदस्य कोण? ती सभेला स्वतः जाते का?

३. पुढच्या ग्रामसभेत विचारायचा एक प्रश्न वहीत लिहा. तो मोठ्याने वाचून दाखवा.